फसलेला प्रयोग आणि न झालेला प्रयोग

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी हिशेबतपासणी कार्यालयाने एक अहवाल प्रसिद्ध केला. आपल्याकडे महालेखापरीक्षक जे काम करतात, साधारण तेच काम तिकडे हे कार्यालय करते. धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून तो जमिनीखाली साठवण्याच्या तंत्रावर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जो पैसा खर्च केला, त्याचा हा हिशेब होता. त्यातला मुख्य आकडा असा : २००९ पासूनच्या काळात खात्याने कोळशावरील आठ प्रकल्पांना मिळून सुमारे ६८ कोटी ४० लाख डॉलर दिले. आठांपैकी प्रत्यक्ष उभा राहून चालला तो एक. आणि अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा तोही बंद पडलेला होता.

असा आकडा समोर आला की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक म्हणते, सरकारचा पैसा पाण्यात गेला, हे तंत्रच थोतांड आहे. दुसरी म्हणते, संशोधन म्हटले की अपयश आलेच, त्याचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा मांडू नये. आमच्या मते दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. प्रयोगशाळेचे तास घेणाऱ्या शिक्षकांना याचे कारण सहज पटेल. एक विद्यार्थी प्रयोग करतो, निरीक्षणे नोंदवतो. पण उत्तर अपेक्षेप्रमाणे येत नाही. दुसरा विद्यार्थी उपकरणांची यादी करतो, काचसामान मागवतो, आकृती काढतो आणि तेवढ्यात तास संपतो. त्याचा बर्नर पेटतच नाही. दोघांच्याही वहीत बरोबर उत्तर नाही. परंतु पहिल्याच्या वहीत निरीक्षणे आहेत. पहिल्याचा प्रयोग फसला. दुसऱ्याचा झालाच नाही.

कार्बन साठवणीच्या संशोधनावर सरकारांनी जो पैसा खर्च केला, त्याची चिकित्सा या फरकाच्या आधारे करायला हवी. तशी ती केली, तर दोष तंत्रापेक्षा पैसा देण्याच्या रीतीत अधिक दिसतो.

तंत्र थोडक्यात

आधी तंत्राची ओळख करून घेऊ. १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे आठवी-नववीचे गणित आहे. ५०० मेगावॅटचा कोळशावरील एक संच भरपूर चालला तर दिवसाला सुमारे १० हजार टन कार्बन डायऑक्साइड धुरांड्यातून बाहेर सोडतो. या धुरात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण साधारण १२ ते १५ टक्के असते. उरलेला बहुतेक भाग नायट्रोजनचा. सगळाच धूर जमिनीत भरणे परवडणार नाही, म्हणून आधी कार्बन डायऑक्साइड वेगळा काढावा लागतो.

ही पहिली पायरी. त्यासाठी ॲमाइन गटातील रसायनांचे पाण्यातील द्रावण वापरतात. सुमारे ४० अंश सेल्सिअसला हे द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि सुमारे १२० अंशांपर्यंत तापवले की तो सोडून देते. गार झालेले द्रावण पुन्हा वापरता येते. युक्ती सोपी आहे, पण ते तापवायला लागणारी वाफ वीजकेंद्राचीच असते. त्यामुळे केंद्राच्या विजेतील पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक या कामी खर्ची पडू शकतो.

दुसरी पायरी म्हणजे दाब देऊन वायू नळातून वाहून नेणे. तिसरी, तो खोल खडकात भरणे. तपमान ३१ अंशांच्या वर आणि दाब वातावरणाच्या सुमारे ७३ पट झाला की कार्बन डायऑक्साइड क्रांतिक बिंदूच्या पलीकडे जातो. म्हणजे तो द्रवासारखा दाट असतो आणि वायूसारखा छिद्रांतून सरकतो. साधारण ८०० मीटरपेक्षा खोल ही परिस्थिती आपोआपच मिळते. एक टन कार्बन डायऑक्साइड आपल्या वर्गाच्या तपमानाला व दाबाला सुमारे ५५० घनमीटर जागा व्यापतो, म्हणजे तीन-साडेतीन वर्गखोल्या. तोच त्या खोलीवर जेमतेम दीड घनमीटरात मावतो. वर अच्छिद्र खडकाचे झाकण असले की तो तिथेच राहावा, अशी अपेक्षा असते.

सरकारने पैसा का द्यावा?

यातली पहिली पायरी नवी नाही. ॲमाइनने वायू धुण्याच्या पद्धतीला अमेरिकेत १९३० मध्येच पेटंट मिळाले होते, आणि नैसर्गिक वायू शुद्ध करण्यासाठी ती अनेक दशके वापरात आहे. मग संशोधन कशाचे करायचे? तीन गोष्टींचे. राख आणि गंधकाची संयुगे असलेल्या धुरावर हे द्रावण वर्षानुवर्षे कसे टिकते? मोठ्या प्रमाणावर काम केले की खर्च किती उतरतो? आणि जमिनीखाली भरलेला वायू दहा, पन्नास, शंभर वर्षांत कसा वागतो? या प्रश्नांची उत्तरे लहान प्रयोगशाळेत मिळत नाहीत. ती मोठ्या संयंत्रावर, खऱ्या खडकात आणि पुष्कळ काळ मोजमाप करूनच मिळतात.

खाजगी कंपनी हे काम स्वतःहून करणार नाही, कारण पुरलेल्या कार्बन डायऑक्साइडला गिऱ्हाईक नाही. स्वच्छ हवेचा फायदा सर्वांना, खर्च मात्र एकाला. शिवाय एकाने पैसे खर्चून मिळवलेले ज्ञान दुसरा फुकट वापरणार. अशा ठिकाणी सार्वजनिक पैसा यावा, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. परंतु याच तत्त्वातून एक अटही निघते. सरकार पैसा देते ते ज्ञान सर्वांचे व्हावे म्हणून. म्हणजे सरकारने विकत घ्यायची वस्तू कारखाना नसून उत्तर आहे. ही अट किती पाळली गेली, हे आता पाहू.

एक चुकलेली तुलना

२००३ मध्ये अमेरिकेने 'फ्यूचरजेन' नावाचा मोठा प्रकल्प जाहीर केला. कोळशापासून वायू तयार करायचा, त्यातून वीज आणि हायड्रोजन मिळवायचा आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरायचा, असे २७५ मेगावॅटचे केंद्र उभारायचे होते. चार वर्षे आराखडे झाले. जागांची निवड झाली. डिसेंबर २००७ मध्ये इलिनॉय राज्यातील मॅटून हे गाव निश्चित झाले. आणि जानेवारी २००८ मध्ये ऊर्जा खात्याने अंग काढून घेतले. कारण दिले ते असे की खर्च जवळजवळ दुप्पट झाला : ९५ कोटी डॉलरचा १८० कोटी.

पुढच्या वर्षी हिशेबतपासणी कार्यालयाने या दोन आकड्यांची छाननी केली. ९५ कोटी ही रक्कम २००४ च्या स्थिर किमतींत मांडलेली होती. १८० कोटी ही रक्कम मात्र २०१७ पर्यंतची भाववाढ धरून काढलेली होती. दोन्ही आकडे डॉलरचे, पण डॉलर वेगवेगळ्या काळातले! प्रकल्पातील कंपन्यांनी स्थिर किमतींतला अंदाजही दिला होता. तो सुमारे १३० कोटींचा होता. म्हणजे खरी वाढ ३९ टक्के होती. ती लहान नव्हे. पण दुपटीची वाढ आणि ३९ टक्क्यांची वाढ यांवर एकच निर्णय घेता येत नाही.

एकक न पाहता केलेली तुलना आपण विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत लाल शाईने खोडतो. येथे तिच्या आधारे एक राष्ट्रीय प्रयोग बर्नर पेटण्याआधीच थांबला. हा प्रकल्प पुढे गेला असता तर यशस्वी झालाच असता, असे आम्ही म्हणत नाही. कोळशाचे वायूत रूपांतर करण्याच्याच मार्गावर मिसिसिपी राज्यातील केंपर येथे दुसरे केंद्र उभारले जात होते. त्याचा खर्च ७५० कोटी डॉलरपर्यंत गेला आणि २०१७ मध्ये तिथे कोळशाचा नाद सोडून द्यावा लागला. कदाचित फ्यूचरजेनचेही तेच झाले असते. परंतु केंपरच्या अपयशातून काहीतरी कळले. फ्यूचरजेनबाबत 'कदाचित' हा शब्दच काय तो हाती उरला.

घाईचा पैसा

२००८ च्या आर्थिक मंदीनंतर अमेरिकेने २००९ मध्ये अर्थव्यवस्थेला चालना देणारा मोठा कायदा केला. त्यात कार्बन साठवणीसाठी ३४० कोटी डॉलर राखून ठेवले होते. येथे दोन हेतूंची गाठ एकत्र मारली गेली. मंदीवरचा उपाय म्हणून पैसा लवकर खर्च व्हायला हवा होता. संशोधनासाठी तो सावकाश आणि पारखून खर्च व्हायला हवा होता. एरवी वर्षभर चालू शकणाऱ्या कराराच्या वाटाघाटी तीन महिन्यांत उरकल्या गेल्या, असे २०२१ चा अहवाल सांगतो. शिवाय या पैशाला मुदत होती. सप्टेंबर २०१५ नंतर तो वापरता येणार नव्हता.

याचा परिणाम अहवालातील एका वाक्यात सामावला आहे. कधीच उभ्या न राहिलेल्या चार प्रकल्पांच्या नुसत्या आखणीवर आणि आराखड्यांवर सुमारे ४७ कोटी २० लाख डॉलर खर्च झाले. या टप्प्यांसाठी ठरलेल्या रकमेपेक्षा हे जवळजवळ ३० कोटी डॉलरने जास्त होते. टप्पा पूर्ण झाला नाही तर पुढचा हप्ता द्यायचा नाही, असा खात्याचाच नियम होता. वरिष्ठांच्या सूचनेवरून तो बाजूला ठेवला गेला. २०१० मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू झालेला फ्यूचरजेनही मुदतीच्या आत पूर्ण होणार नाही, हे दिसल्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये थांबवण्यात आला.

हा अहवाल आम्हाला मोलाचा वाटतो. तरी त्याच्याविषयी एक तक्रार आहेच. त्याने किती प्रकल्प उभे राहिले ते मोजले, किती पैसा गेला ते मोजले. पण प्रत्येक प्रकल्पाला कोणता प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर कोठे नोंदवले आहे, याची तपासणी त्याने केलेली नाही. हिशेबनिसाने हिशेब पाहावा हे ठीक. पण संशोधनाच्या हिशेबात ज्ञानाची जमा बाजू न मांडता नुसती खर्चाची बाजू मांडली, तर तो हिशेब अर्धाच राहतो. त्याच कार्यक्रमातील तीन औद्योगिक प्रकल्पांना सुमारे ४३ कोटी ८० लाख डॉलर मिळाले आणि त्यांपैकी दोन उभे राहून चालले. एक हायड्रोजनच्या कारखान्यात, दुसरा मक्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यात. हा फरक का पडला? एक मोठे कारण रसायनशास्त्रातच आहे. मक्याच्या आंबवणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्धच असतो, त्यामुळे सर्वांत खर्चिक पायरी टळते. म्हणजे जिथे प्रश्न सोपा होता तिथे प्रयोग झाले, आणि जिथे तो अवघड होता, म्हणजे जिथे सरकारी पैशाची खरी गरज होती, तिथे बहुतेक झालेच नाहीत.

जो एक प्रयोग झाला

कोळशाच्या आठ प्रकल्पांपैकी जो उभा राहिला, तो टेक्सासमधील ह्यूस्टन शहराजवळचा 'पेट्रा नोव्हा'. त्याला सुमारे १०० कोटी डॉलर लागले. त्यांपैकी सुमारे १९ कोटी सरकारचे. एका जुन्या कोळसा-संचाच्या धुरातील २४० मेगावॅट विजेइतका हिस्सा त्याने हाताळला. जानेवारी २०१७ मध्ये तो सुरू झाला. चालू असताना त्या हिश्श्यातील ९० टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड तो पकडत असे. पहिल्या तीन वर्षांत मात्र एकूण पकड उद्दिष्टापेक्षा सुमारे एक षष्ठांशाने कमी राहिली, कारण यंत्रणा आणि वीजकेंद्र अधूनमधून बंद राहत. शिवाय वाफेसाठी बाजूला जो नैसर्गिक वायूवरील संच बसवला होता, त्याचा स्वतःचा धूर पकडला जात नव्हता. हे सारे प्रकल्पाने ऊर्जा खात्याला दिलेल्या अंतिम अहवालातून आणि सार्वजनिक नोंदींतून कोणालाही पाहता येते.

यालाच आम्ही झालेला प्रयोग म्हणतो. त्यात यश आहे, उणिवा आहेत, आणि दोन्ही मोजलेल्या आहेत. मे २०२० मध्ये तो बंद पडला, तो रसायनशास्त्रामुळे नव्हे. पकडलेला वायू सुमारे १३० किलोमीटर दूरच्या तेलक्षेत्रात नेऊन जुन्या खडकातील उरलेसुरले तेल बाहेर काढण्यासाठी वापरला जाई, आणि खर्चाची भरपाई त्या तेलातून होत असे. महासाथीत तेलाचा भाव कोसळला, तेव्हा हे गणित बसेना. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा सुरू झाला. हवेतील कार्बन कमी करण्याचे यंत्र तेल महाग असले की चालते आणि स्वस्त झाले की थांबते, हा त्या प्रयोगाचा सर्वांत मोठा निष्कर्ष म्हणावा लागेल. ही उणीव धोरणाची आहे. ती ॲमाइनच्या माथी मारता येणार नाही.

समुद्राखालची वही

आता नॉर्वेकडे वळू. कारण तेथे हाच विषय वेगळ्या रीतीने हाताळला गेला. १९९१ मध्ये नॉर्वेने समुद्रातील तेल व वायू उद्योगाच्या कार्बन डायऑक्साइडवर कर बसवला. स्लाइपनर क्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. तो विकण्यापूर्वी काढावाच लागणार होता. हवेत सोडला तर कर. त्या वेळी पूर्ण सरकारी मालकीच्या असलेल्या स्टॅटऑइल कंपनीने १९९६ पासून तो समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात भरायला सुरुवात केली. वीस वर्षांत दीड कोटी टनांहून अधिक वायू तेथे गेला.

परंतु आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे की भरणीच्या आधी, १९९४ मध्ये, भूकंपलहरींच्या साह्याने त्या खडकाचे चित्र घेतले होते आणि नंतर ठरावीक काळाने ते पुन्हा पुन्हा घेतले गेले. त्यात अपेक्षेपेक्षा वेगळे असे काही दिसले. मधले पातळ शेलचे थर वायूला अडवून धरतील असे वाटले होते. प्रत्यक्षात वायू त्यांतून वाट काढत नऊ थरांत पसरला आणि तीन वर्षांच्या आत वरच्या झाकणाखाली पोहोचला. झाकणाने मात्र तो अडवला. युरोपीय संशोधन निधीतून या मोजमापांचा अभ्यास झाला आणि पुढे ही मोजमापे जगभरच्या संशोधकांना खुली करण्यात आली.

त्याच देशातील स्नोव्हिट प्रकल्पात २००८ पासून वायू भरला जाऊ लागला. तेथे खडकातील दाब अंदाजापेक्षा फार वेगाने वाढला, आणि २०११ मध्ये भरण दुसऱ्या थरात वळवावी लागली. हा फसलेला प्रयोग खरा; पण तो फसल्यामुळेच कळले की सच्छिद्र खडक दिसला म्हणजे तो सगळीकडे सारखाच जोडलेला असेल असे नाही. आज साठवणीची जागा निवडणारे भूवैज्ञानिक ही गोष्ट ध्यानात घेतात.

नॉर्वेलाही न झालेल्या प्रयोगाचा अनुभव आहे. २००७ च्या नववर्षाच्या भाषणात पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग यांनी मोंगस्टाड येथील प्रकल्पाची तुलना चंद्रावर उतरण्याशी केली. २०१३ मध्ये पूर्ण आकाराचा तो प्रकल्प रद्द झाला. मात्र तेथे २०१२ मध्ये सुरू झालेले चाचणी केंद्र टिकले आणि निरनिराळ्या द्रावणांच्या चाचण्या तेथे होत राहिल्या. पुढे ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात वर्षाला चार लाख टन वायू पकडणारे संयंत्र २०२५ मध्ये सुरू झाले. त्याला सरकारचाच मोठा आधार आहे.

ब्रिटनची कथा या दोहोंच्या मधली आहे. २००७ आणि २०१२ अशा दोन वेळा सरकारने अशा प्रकल्पांसाठी स्पर्धा जाहीर केल्या. पहिली २०११ मध्ये आणि दुसरी २०१५ मध्ये गुंडाळली गेली. दोन्हींवर मिळून १६ कोटी ८० लाख पौंड खर्च झाले आणि एकही संयंत्र उभे राहिले नाही. तरीही पहिल्या स्पर्धेतील अभियांत्रिकी आराखडे सरकारने सर्वांसाठी प्रसिद्ध केले. प्रयोग झाला नाही, पण तयारीची वही तरी उघडी राहिली. २०२४ मध्ये ब्रिटनने याच कामासाठी २५ वर्षांत २,१७० कोटी पौंडांपर्यंत रक्कम जाहीर केली. एवढ्या मोठ्या रकमेचा विचार करताना त्या जुन्या वहीची पाने पुन्हा चाळली जावीत, एवढीच अपेक्षा.

टनावर पैसे, पण टन कोणी मोजला?

अनुदानाऐवजी टनामागे पैसे द्यावेत, म्हणजे काम झाल्यावरच पैसा जाईल, असा एक पर्याय सुचवला जातो. अमेरिकेत २००८ पासून अशी करसवलत आहे. २०२२ मध्ये ती कायमच्या साठवणीसाठी टनाला ८५ डॉलरपर्यंत वाढवण्यात आली. कल्पना चांगली आहे, पण तिचाही पाया मोजमाप हाच. २०२० मध्ये तेथील करखात्याच्या महानिरीक्षकांनी तपासणी केली, तेव्हा दहा मोठ्या करदात्यांनी घेतलेल्या सुमारे १०० कोटी डॉलर सवलतीपैकी ८९ कोटी ४० लाख डॉलरची सवलत पर्यावरण खात्याच्या निरीक्षणविषयक अटी न पाळता घेतलेली आढळली. वायू तिथे नाही, असे यातून सिद्ध होत नाही. वायू तिथे आहे हे सांगणारी मान्य नोंद नाही, इतकाच त्याचा अर्थ. पण सार्वजनिक पैशाच्या बाबतीत तेवढेही पुरेसे गंभीर आहे.

निरीक्षणाची गरज किती खरी आहे, हे आधी उल्लेखिलेल्या इथेनॉलच्या कारखान्यात दिसले. इलिनॉयमधील या ठिकाणी २०२४ मध्ये एका निरीक्षणविहिरीतून कार्बन डायऑक्साइड ठरलेल्या थराबाहेर गेल्याचे आढळले आणि भरण काही काळ थांबवावी लागली. मोजमाप होते म्हणून ते कळले. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. १९८६ मध्ये कॅमेरूनमधील न्योस सरोवरातून तो नैसर्गिकपणे उसळून बाहेर आला, तेव्हा सुमारे १७०० माणसे गुदमरून गेली. सरोवर आणि खोल खडक यांत फार फरक आहे. तरी ज्यांच्या गावाखाली हा वायू पुरायचा, त्यांना नोंदवही पाहण्याचा हक्क आहे, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे

हा विषय आता परक्या देशांचा राहिलेला नाही. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील विंध्याचल औष्णिक केंद्रात दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारे संयंत्र सुरू झाले. त्याच वर्षी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र येथे या विषयाची राष्ट्रीय केंद्रे मंजूर केली. दिवसाला २० टन म्हणजे आपण वर पाहिलेल्या एका ५०० मेगावॅट संचाच्या धुराचा पाचशेवा भाग. प्रयोग म्हणून तो योग्यच आहे. तो प्रयोगच आहे, प्रदूषणावरचा उपाय नव्हे, हे मात्र बातमी वाचताना विसरू नये. जगभरात पकडण्याची क्षमता वर्षाला सुमारे ५ कोटी टन आहे. इंधनांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे ३,७०० कोटी टन.

महाराष्ट्राचा संबंध तर थेट पायाखालच्या दगडाशी आहे. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्ट खडकात सोडला गेला, आणि दोन वर्षांच्या आत त्याचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग कार्बोनेट खनिजांत बदलला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपला दख्खनचा कातळ बेसाल्टच आहे, म्हणून तो वायूचे कोठार होऊ शकेल, असे म्हटले जाते. पण आइसलँडच्या पद्धतीत एका टनासाठी सुमारे २५ टन पाणी लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या प्रदेशात हा आकडा तळटीप म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या कातळात वायू किती वेगाने मुरतो, समुद्राचे पाणी चालेल का, भेगा कोठे जातात, या प्रश्नांची उत्तरे आपल्याच भूमीवर शोधावी लागतील. त्यासाठी सार्वजनिक पैसा द्यावा, असेच आमचे मत आहे.

मात्र तो देताना चार गोष्टी आधी कागदावर असाव्यात. पहिली, या प्रयोगाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार आहे? दुसरी, कोणत्या टप्प्यावर कोणता निकाल आला तर पैसा थांबेल, आणि तो नियम वरून फोन आला तरी पाळला जाईल का? तिसरी, निरीक्षणे कोठे, केव्हा आणि कोणासाठी प्रसिद्ध होतील? चौथी, अनुदान संपल्यावर संयंत्र चालू ठेवण्याचे कारण काय : कर, नियम की बाजारभाव? अमेरिकेच्या बहुतेक प्रकल्पांत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाळले गेले नाही आणि चौथ्याचे उत्तर तेलाच्या भावावर सोपवले गेले. नॉर्वेला स्लाइपनरमध्ये चारही उत्तरे सुरुवातीपासून मिळाली, कारण कर आधी आला आणि मोजमाप भरणीच्याही आधी सुरू झाले.

वर्गासाठी

दहावी-बारावीच्या वर्गात या विषयाचे दोन उतारे सहज घेता येतील. एक, फ्यूचरजेनचे गणित. भाववाढ दरसाल चार टक्के धरली तर आजचे १०० रुपये दहा वर्षांनी किती होतात, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर सुमारे १४८ येते. मग वर्तमानपत्रातील एखाद्या पुलाचा किंवा धरणाचा 'खर्च दुप्पट झाला' अशी बातमी घेऊन, दोन्ही आकडे कोणत्या वर्षाच्या किमतींतले आहेत ते शोधायला लावावे. बहुतेक वेळा बातमीत ते दिलेलेच नसते, हेही विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल.

दुसरा उतारा प्रयोगवहीचा. वर्षाच्या शेवटी आपण गुण देतो ते उत्तराला की निरीक्षणांना? उत्तरालाच सारे गुण असतील, तर विद्यार्थी निरीक्षणे उत्तराला जुळवून लिहायला शिकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. उद्‌घाटनाच्या फितीलाच सारे गुण मिळत असतील, तर सरकारी खातीही तेच शिकतात. वर्गात निरीक्षणांना गुण देण्याची सवय लागली, तर यांच्यातलेच जे कोणी पुढे अशा प्रकल्पांचे अर्ज तपासायला बसतील, त्यांना कोणता प्रश्न आधी विचारायचा हे ठाऊक असेल.